उजव्या शिंगातला बोल्ट

पाना निसटला, बोटं चासीच्या लोखंडावर आपटली, आणि राजारामपुरीतल्या दातांच्या डॉक्टर क्रांती सरनोबत यांच्या तोंडून एक शिवी बाहेर पडली. साधीसुधी नव्हे. तिच्यात कुणाची तरी आई होती, मधेच एक गाढव होतं आणि शेवटी दोघांचा मिळून निकाल लावलेला होता. ज्या बाई गेली पंचवीस वर्षं लोकांच्या उघड्या तोंडांवर वाकून "थोडंसं दुखेल हं, झालंच," एवढंच पुटपुटत आल्या, त्यांच्या पोटात हे सगळं कुठं दबा धरून बसलं होतं कोण जाणे. गाडीखाली पोत्यावर उताणी पडलेली क्रांती दचकली ती दुखलं म्हणून नव्हे. सालटं निघालं होतं, रक्तही आलं होतं, त्याचं काही नाही. पण ती शिवी तिच्या आवाजात आलीच नव्हती. शब्द ओढायची ती तऱ्हा, मधल्या शब्दावरचा दाब, शेवटी टाकलेला दम, सगळं आबांचं होतं. आपल्या गळ्यातून कुणी दुसरंच बोलून गेलं असं तिला वाटलं.

"कोन बोललं त्ये?" शेडच्या तोंडाशी खुर्चीत बसलेल्या आबांनी विचारलं.

"मीच, आबा."

"तू व्हय." आबांनी खुर्चीतनं वाकून गाडीखाली बघितलं. "मला वाटलं, मीच बोललो."

आबा म्हणजे गणपतराव साळोखे, क्रांतीचे वडील. वय ऐंशीच्या पुढं. कसबा बावड्यातल्या घराच्या परसात पत्र्याची शेड, शेडमध्ये त्यांची शेवरलेट पिकअप, आणि शेडच्या तोंडाशी ते स्वतः, असा गेल्या काही महिन्यांचा रविवारचा देखावा होता. गाडी क्रांतीपेक्षाही वयानं मोठी. फुगीर नाकाची, वटारलेल्या दिव्यांची, कुणा बागाईतदारानं हौसेनं घेतलेली आणि दोन-तीन हात फिरून आबांकडं आलेली. आबांनी तिच्यात आयुष्यभर गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, भरल्या, गुऱ्हाळावरनं शाहूपुरीच्या बाजारात ओतले, आणि रिकामी गाडी पुन्हा गुऱ्हाळाकडं वळवली. मग एक दिवस पुढचा उजवा कमानपाटा, चाकावरचा भार झेलणारी पोलादी पट्ट्यांची कमान, मोडला, गाडी शेडमध्ये गेली ती गेलीच. आता इंजिन चालू झालं होतं, ब्रेक झाले होते, डाव्या बाजूचं सगळं सुटून साफ होऊन परत बसलं होतं. घोडं अडलं होतं एका बोल्टपाशी. चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, पुढं दोन टोकं असतात, आबा त्यांना शिंगं म्हणत. पाट्याचं पुढचं टोक त्या शिंगात एका जाड बोल्टनं अडकवलेलं असतं. मोडका पाटा काढायचा तर तो बोल्ट काढायला हवा. नट निघाला होता, पण उजव्या शिंगातला बोल्ट मात्र गंजानं असा धरला होता, की शिंग कुठं संपतं आणि बोल्ट कुठं सुरू होतो हेच कळू नये. क्रांतीनं रोज संध्याकाळी दवाखान्यातल्या सिरिंजनं त्याला डिझेल पाजलं, ब्रेक ऑइल पाजलं, पान्याला पाइप लावून त्यावर आपलं सगळं वजन टाकलं. बोल्ट दाद देत नव्हता. उलट त्याच्या डोक्याचे कोपरेच झिजायला लागले होते. अजून दोन-तीनदा पाना असा निसटला, की पकडायलाही काही उरणार नव्हतं.

आणि आज दुपारी क्रेन येणार होती. पुण्याहून धाकट्या भावानं, विश्वजितनं, तशी व्यवस्था केली होती. गगनबावड्याच्या रस्त्यावर एक नवं हॉटेल दसऱ्याला सुरू होणार होतं. त्यांना दारात ठेवायला जुनी गाडी हवी होती. मागच्या हौद्यात सदाफुलीच्या कुंड्या, बॉनेटवर बसून फोटो काढायची सोय. "ताई, तिथं तिला निदान लोक बघतील तरी," विश्वजित म्हणाला होता. तो वाईट माणूस नव्हे. त्याला परसात एक मेलेलं लोखंड दिसत होतं आणि त्याच्यापायी पन्नाशीला आलेली बहीण हात सोलून घेताना दिसत होती, एवढंच. फोनवर बोलता बोलता दोघांचं ठरलं ते असं: क्रेन येईपर्यंत बोल्ट सुटला तर गाडी राहील आणि विश्वजित पुन्हा विषय काढणार नाही. नाही सुटला तर क्रेन गाडी घेऊन जाईल आणि क्रांती पुन्हा विषय काढणार नाही. लहानपणी चिंचेच्या पैजा लावत तशी ही पैज लागली. त्या वेळी क्रांतीला ती सोपी वाटली होती. तेव्हा तिला वाटत होतं, बोल्ट म्हणजे बोल्ट, आज ना उद्या सुटेल.

सकाळी धैर्यशील येऊन गेला. उद्यमनगरात त्याचं गॅरेज, आणि त्याच्या खालच्या दाढा क्रांतीच्या हातच्या. त्यानं गाडीखाली मान घातली, पाना लावला, कपाळाची शीर फुगेपर्यंत ओढलं आणि हात टेकले. "मॅडम, ह्यो बोल्ट न्हाय, रुसल्याला जावई हाय. पाय धरलं तरी उठायचा न्हाय." गॅस कटरनं कापू का, असं त्यानंच विचारलं आणि त्यानंच उत्तर दिलं. गॅस मारला तर बोल्ट जाईल, पण शिंगही तापून वाकेल, मग गाडी जन्मभर रस्त्यावर तिरकी पळणार. "हॉटेलाम्होरं हुभी करायची आसंल तर काय बी करा की. पळवायची आसंल तर गॅस न्हाय." एवढं सांगून तो गॅरेजला परतला होता, आणि क्रांती पोत्यावर उताणी पडली होती ती अजून पडलेली होती.

तिला गाडी का हवी होती? खरं सांगायचं तर लहानपणी तिला ही गाडी डोळ्यांसमोर नको असे. आबा घरात बोलत नसत. भाकरी, बरं, व्हय, झोपा आता, एवढ्या चार शब्दांवर त्यांचा संसार चाललेला. पण गाडीत बसले की माणूस बदलायचा. शाळेला सुट्टी असली की क्रांती गुळाच्या रव्यांशेजारी, गोड चिकट वासात, पुढं बसून जायची, आणि ऐकायची. "चल गं बया, एवढा चढ काड, मग निवांत. आगं हळू, हळू, कुठं निघालीस बोंबलत? दमलीस व्हय? थांब, पानी दाखवतो." सगळा रस्ता असा. ट्रकवाल्याला शिव्या, म्हशीला शिव्या, गाडीला मात्र गोंजारणं. शेजारी बसलेल्या पोरीकडं एकदाही वळून बघणं नाही. क्रांतीला गाडीचा मत्सर वाटायचा. आईनं दुसऱ्या पोराचे लाड करावेत तसं ते होतं, फक्त दुसरं पोर लोखंडाचं होतं. गूळबाजारात हमालांचा मोर्चा निघाला त्या दिवशी ती जन्मली, मोर्च्यात अडकलेल्या आबांनी घोषणेतला शब्द उचलून तिचं नाव ठेवलं, आणि जणू तेवढ्यावर बापाचं कर्तव्य आटोपलं. बारावीचा निकाल लागला तेव्हा ती गुणपत्रिका नाचवत घरी आली. आबा जेवून उठले होते. त्यांनी आकडे बघितले, "बरं," म्हणाले, खांद्यावर टॉवेल टाकला आणि परसात गाडीकडं निघून गेले. पोरीपेक्षा गाडीचं ऑइल मोठं. दातांच्या कॉलेजात नंबर लागला, बरं. लग्न ठरलं, बरं. दवाखाना काढला, त्याचंही बरंच. हा एक शब्द तिच्या मनात इतकी वर्षं खड्यासारखा रुतून होता, आणि कुणी काही चांगली बातमी सांगितली की आपल्याही तोंडात तोच येतो हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती चाळिशीला पोचली होती.

मग आई गेली. आबांचे ते चार शब्दही गेले. ते भिंतीकडं तोंड करून कॉटवर पडून राहू लागले. विश्वजितचा दर रविवारी फोन यायचा, क्रांती फोन त्यांच्या कानाला लावायची, आबा "हं" म्हणायचे आणि हातानंच बाजूला सारायचे. शेजारच्या शालूबाई परसाच्या दगडी गड्ग्यावरनं हाक मारून दमल्या. क्रांतीनं डॉक्टर दाखवले, गोळ्या झाल्या, काही फरक नाही. असंच एका रविवारी ती शेडमध्ये काहीतरी शोधायला गेली आणि तिचा धक्का लागून गाडीचं दार करकरलं. कॉटवरनं आवाज आला, "दार आपटू नगंस. तिचं बिजागरं गेलंय." दोन महिन्यांत पहिलं वाक्य. क्रांती शेडमध्ये उभी राहिली आणि आपल्याला हसू येतंय की रडू हे तिला कळेना. पुढच्या रविवारी तिनं मुद्दामच बॉनेट उघडलं. आबा उठून दारापर्यंत आले. त्याच्या पुढच्या रविवारी खुर्ची बाहेर आली. आता ते दिवसभर बसत, चुका काढत, पाना कसा धरतात तेसुद्धा कळत नाही म्हणून तिचा उद्धार करत. क्रांती खाली मान घालून सगळं ऐकून घेई. तिला गाडी हवी होती ती यासाठी. गाडी गेली तर खुर्ची आत जाणार, कॉट भिंतीला लागणार, आणि भिंतीकडं तोंड केलेल्या माणसाला ती पुन्हा काय म्हणून हाक मारणार होती?

बोटाला रुमाल गुंडाळून ती पुन्हा बोल्टकडं वळली. आता जोर करण्यात अर्थ नव्हता. करायला काहीच नाही म्हणून तिनं पिशवीतनं एक जुना स्केलर काढला, दातांवरचं कीटण खरवडायचं ते आकडीचं हत्यार. खिशात पेन असावा तसं तिच्या पिशवीत ते पडलेलं असायचं. बोल्टच्या डोक्याभोवती एक जाड तपकिरी थर होता. तो गंजच असं सगळे धरून चालले होते. क्रांतीनं सहज टोक लावलं, आणि हाताला वेगळंच काही लागलं. गंज खरखरीत असतो, भुगा होतो. हे खपलीसारखं निघत होतं. तिनं चष्मा पुसला, मोबाइलचा दिवा तोंडात धरला आणि खरवडायला लागली. दात बघून ती माणूस ओळखायची. तंबाखू कोणत्या गालात धरतो, चहा किती पितो, दात घासतो म्हणून खोटं बोलतो की खरं, सगळं त्या थरात लिहिलेलं असतं. इथंही थर होते. लाल ऑइलपेंट, त्याखाली काळा, त्याखाली पुन्हा लाल. दर दसऱ्याला आबा गाडी रंगवायचे, काही न उघडता, बोल्टांसकट. रंगाच्या दोन थरांमध्ये एक गुलाबी पूड होती. कुंकू. आणि कुंकवात अडकलेले कसले तरी धागे. तिनं एक धागा चिमटीत धरून उजेडात नेला. काथ्या होता. नारळाच्या शेंडीचा काथ्या.

तिला एकदम सगळं समजलं, आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. उजव्या शिंगाच्या टोकाला गाडी ओढायचा हूक होता. आबा नारळ फोडायचे ते त्या हुकावर. खंडेनवमीला, आणि एरवीही मनात येईल तेव्हा, असं ती धरून चालली होती. पूजा उजव्या अंगाला हवी. नारळाचं पाणी हुकावरनं शिंगात, शिंगातनं बोल्टच्या भोकात, वर्षानुवर्षं. वर कुंकू, त्यावर रंग, म्हणजे आतलं पाणी आत आणि बाहेरचं तेल बाहेर. डावा बोल्ट एका दुपारीत सुटला होता, कारण त्याला कुणी देव केलं नव्हतं. ती सरपटत बाहेर आली. केसांत माती, गालाला काळं, हातात काथ्या.

"आबा, हे बघा. बोल्ट कशानं धरलाय बघा. तुमच्या नारळांनी! लाडकी गाडी, लाडकी गाडी करून सगळं पाणी तिच्या हाडात मुरवलंत. कुणी सांगितलं होतं एवढे नारळ फोडायला? वर्षाला एक फोडायचा होता की. बाकीचं गाव एकच फोडतं!"

आबांनी काथ्या हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. त्यांचा चेहरा आधी पडला. मग त्यांनाही राग आला.

"मला काय इच्यारतीस? खंडेनवमीचा त्येवडा एक गाडीचा. बाकीचं समदं तुजंच हुतं की."

"माझं?"

"तुजं न्हाय तर कुनाचं? बारावीला मार्क पडलं, तवा फोडला. कालेजात नंबर लागला, तवा दोन. लगीन ठरलं तवा, दवाखाना काडला तवा. तुजं बाळंतपन अडलं हुतं, दवाखान्यातनं सांगावा आला, तवा पोतंच आणून वतलं हितं. मोजलं न्हाईत. राती उजाडंस्तवर फोडत हुतो. तुजी आई म्हनली, आवरा आता, पोरगी सुटली."

क्रांतीनं चष्मा काढून हातात धरला. मग ती म्हणाली, "मला का नाही सांगितलं कधी?"

आबांना हा प्रश्नच कळला नसावा. त्यांनी काथ्या बोटांत फिरवला. "त्यात सांगायचं काय? गाडीला सांगितलं की."

ती शेडच्या खांबाला टेकून खाली बसली. दुपार उन्हानं पांढरी झाली होती, पत्रा तापून कडकड वाजत होता. बारावीच्या निकालाचा दिवस तिच्यापुढं पुन्हा उभा राहिला, तोच टॉवेल, तीच पाठ, परसात जाणारी. पण आता त्या दिवसाला आवाजही होता. ती स्वयंपाकघरात आईच्या कुशीत रडत होती आणि परसातून एक टणक फटका ऐकू आला होता, मग पाणी सांडल्याचा आवाज. तिनं तो ऐकलेला होता. इतकी वर्षं ऐकूनही ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी आईनं खोबऱ्याची वडी केली होती, ती तिनं रागानं खाल्ली नव्हती. कॉलेजात नंबर लागला तेव्हाही वडीच. लग्न ठरलं तेव्हाही. घरात खोबरं फार असतं म्हणून ती कटकट करायची. ज्या गाडीचा मत्सर करत ती वाढली, त्या गाडीच्या उजव्या शिंगात तिचेच सगळे निकाल साठून बसले होते, एकावर एक, रंगाखाली झाकलेले. तिला वाईट वाटायला हवं होतं. तिला हसू आलं. ते पोटातनं वर येत राहिलं, डोळ्यांतून पाणी काढत, आणि आबा तिच्याकडं संशयानं बघत राहिले.

"याड लागलं काय?"

"लागलं," ती म्हणाली. "आबा, पाणी तापवता?"

आबा उठले. खुर्चीच्या हाताला धरून, मग खांबाला धरून, मग कशालाही न धरता. "कडकडीत तापिवतो. शिंगावर वत. गॅसची झळ नको, ह्येची चालंल." आणि ते आत गेले. थोड्या वेळानं स्वयंपाकघरात शेगडी पेटल्याचा आवाज आला. आई गेल्यापासून त्या शेगडीला त्यांनी हात लावला नव्हता.

क्रांती पुन्हा खाली सरकली. तिनं उरलेला थर खरवडून काढला, अगदी मुळापर्यंत, हिरडीच्या कडेनं काढावा तसा, बोल्टच्या कडेचा उघडा लोखंडी गोल दिसेपर्यंत. सिरिंजनं तेल सोडलं. इतके दिवस बाहेरच ओघळणारं तेल या वेळी आत गेलं, हळूच, दिसेल न दिसेल असं. आबांनी पातेलं आणलं, वरून शिंगावर पाणी ओतलं, वाफ झाली, तेल आणखी आत ओढलं गेलं. पुन्हा पाणी, पुन्हा तेल. मग तिनं पाना लावला, आणि ओढण्याआधी तिच्या मनात आलं, की इतके रविवार आपण हे काय करत होतो? आपण आबांसारखे ओढत होतो. आबांसारख्या शिव्या, आबांसारखा जोर. लोखंड म्हटलं की बापाचे हात लागतात असं कुठंतरी धरून चाललो होतो. तिचे स्वतःचे हात असे कधीच नव्हते. लोकांना वाटतं दात उपटतात. उपटायला गेलं की दात मोडतो आणि मूळ आत राहतं. दात आधी आत दाबायचा असतो. मग जरा इकडं, मग जरा तिकडं, हाडालाच थोडी जागा करून द्यायला लावायचं, आणि सगळा वेळ बोटांनी ऐकत राहायचं.

तिनं पाइप काढून टाकला. पाना उलटा फिरवला आणि बोल्ट आवळला.

"आगं, आवळतीस काय?" वरनं आबा ओरडले.

"गप्प बसा, आबा," ती म्हणाली, आणि हे वाक्य मात्र तिच्या स्वतःच्या आवाजात आलं.

आवळला, सोडला. आवळला, सोडला. जोर लावलाच नाही, नुसता दाब. थोडं तेल. पुन्हा आवळला. बराच वेळ काहीच झालं नाही. तिच्या मनगटातून घाम ओघळून कोपराशी साठला. दूर रस्त्यावर एक जड गाडी गिअर बदलत आली, गेली. मग पान्याच्या दांड्यातून तिच्या तळहाताला काहीतरी लागलं. आवाज म्हणावा इतकंही नाही. कट्. आणि पाना केसभर सरकला.

ती थिजली. ही जागा तिच्या ओळखीची होती. चिमट्यात धरलेल्या दाढेतून असाच कट् येतो, आणि पुढचा एक श्वास काहीच माहीत नसतं. सुटली असेल तर असाच येतो, मोडली असेल तरी असाच. हाताला दोन्ही सारखंच लागतं, हातातला विरोध तेवढा जातो. बोल्टचं डोकं तुटलं असेल तर संपलं. उरलेला दांडा शिंगात कायमचा, गाडी हॉटेलाच्या दारात, सदाफुलीच्या कुंड्या, गगनबावड्याचा पाऊस, आणि भिंतीकडं वळलेली पाठ. तिला बघायचं नव्हतं. कळण्याआधीचा हा श्वास लांबवता आला तर किती बरं होईल असं तिला वाटलं. दवाखान्यात अशा वेळी ती काय करते? हात काढत नाही. हळूच उलट दिशेला नेते, आणि मूळ बरोबर येतं का ते बघते. तिनं पाना परत आवळायच्या बाजूला नेला. बोल्ट बरोबर आला. सगळा, अखंड, जडपणानं, चिकट लोण्यातून यावा तसा. पुन्हा सोडायच्या बाजूला. पुन्हा आला. आणि या वेळी केसभर नाही, चांगला वीतभर पाना फिरला, आणि शिंगाच्या भोकातून तांबडं पाणी गळालं, गंज आणि तेल आणि कुठल्या कुठल्या वर्षाचं काय काय, तिच्या कपाळावर टप टप पडलं. तिनं ते पुसलं नाही.

त्यानंतर पितळेची कांडी लावून हातोडीनं ठोकायचं तेवढं राहिलं. ते ती हसत हसत करत होती. परसाच्या फाटकाशी क्रेन येऊन घरघरत उभी राहिली तेव्हा बोल्ट अर्धा बाहेर होता. क्रेनचा ड्रायव्हर, उचगावचा बंडू, खाली उतरून आत आला आणि हातात रिकामं पातेलं घेऊन उभ्या असलेल्या आबांना म्हणाला, "पावणं, गगनबावड्याला सोडायची गाडी ती हीच न्हवं?"

गाडीखाली शेवटचा घाव बसला. बोल्ट पोत्यावर पडला, तळहाताएवढा, काळा, सरळ. क्रांती तो घेऊन बाहेर आली आणि काही न बोलता आबांच्या पातेल्यात टाकला. ठण्ण झालं. आबांनी आत बघितलं. मग बंडूकडं बघितलं. त्यांची मान वर झाली, खांदे मागं गेले, आणि शाहूपुरीच्या बाजारात गाड्यांच्या रांगेतनं वाट काढणारा तो जुना आवाज परसभर वाजला.

"गाडी हीच. पन जायाची न्हाय. आलाच हायसा तर पुढनं उचला. पाटा काडायचाय."

बंडूनं क्रांतीकडं बघितलं. तिनं मान हलवली. क्रेनचा पट्टा बंपरखालून गेला, साखळी ताणली, आणि शेवरलेटचं फुगीर नाक वर उठलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मोडका पाटा शिंगातून मोकळा होऊन खाली लोंबला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. विश्वजित.

"ताई, आली का क्रेन?"

"आली. उचलली पण. आता..." तेवढ्यात एक हात पुढं आला. आबांनी फोन मागितला. दर रविवारी जो फोन ते बाजूला सारत, तो त्यांनी तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला.

"विशा? मी बोलतोय. व्हय, मीच. आरं, निघाला की बोल्ट! कोन काडनार? क्रांतीनं काडला. धैर्यशीलनं हात टेकलं, मी टेकलं, हिनं काडला. गॅस न्हाय, घण न्हाय. आदी आवळला तिनं. आवळला, तू ऐकतोयस न्हवं? मी म्हनलं याड लागलं पोरीला. मलाच म्हनली, गप्प बसा..." बोलत बोलत ते परसातून गड्ग्यापर्यंत गेले. गड्ग्यापलीकडं शालूबाई वाळवण गोळा करत होत्या, त्यांच्याकडं फोन तसाच कानाला धरून ओरडले, "शालूबाई, बोल्ट काडला माज्या लेकीनं!" आणि पुन्हा फोनमध्ये, "आरं तू गप ऐक, मी पयल्यापासनं सांगतो. बारावीला हिला मार्क पडलं तवा मी काय केलं..."

क्रांती शेडच्या दारात उभी होती. समोरची गाडी, क्रेन, आबांचा पांढरा सदरा, सगळं डोळ्यांतल्या पाण्यात हलत होतं, आणि तिला इतका आनंद झाला होता की तो कुठं ठेवावा हे समजत नव्हतं. वरनं क्रेनच्या खिडकीतून बंडूनं डोकं बाहेर काढलं.

"मॅडम, कितीदा हाका मारतोय. किती येळ धरू अशी?"

"धरा की," ती म्हणाली. "आबांचं बोलणं होऊ दे."